मॉरिशस आणि मादागास्कर शेजारी शेजारी: आकडेवारीच्या दोन मोफत संकेतस्थळांचे परीक्षण

जागतिक बँकेने एप्रिल 2010 मध्ये आपली आकडेवारी सर्वांसाठी मोफत खुली केली. त्यापूर्वी तिचा मोठा भाग वर्गणी भरणाऱ्या संस्थांनाच मिळत असे आणि तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाला ती वर्गणी परवडण्याचा प्रश्नच नव्हता. आज त्याच महाविद्यालयातील विद्यार्थी हातातल्या मोबाइलवर दोनशेहून अधिक देश आणि प्रदेशांची दरडोई उत्पन्ने, बालमृत्यूचे दर आणि विजेच्या जोडण्या पाहू शकतो. त्यात पुढे मॅक्स रोझर यांनी ऑक्सफर्डमध्ये सुरू केलेल्या ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ या संकेतस्थळाची भर पडली. पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवताना मी ही दोन्ही संकेतस्थळे सतत वापरतो आणि विद्यार्थ्यांनाही वापरायला लावतो. दोन अगदी वेगळ्या देशांचे राहणीमान आणि अर्थव्यवस्था यांची तुलना करण्यासाठी ती कितपत उपयोगी पडतात, हे तपासण्यासाठी मी येथे एकच जोडी घेतली आहे: मॉरिशस आणि मादागास्कर.

ही जोडी निवडण्याला कारण आहे. दोन्ही हिंदी महासागरातील बेटे आहेत आणि मॉरिशस मादागास्करच्या पूर्वेला साधारण 800 किलोमीटरवर आहे. दोघांवरही कधी ना कधी फ्रान्सची सत्ता होती. मॉरिशस 1810 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले. मादागास्कर 26 जून 1960 रोजी स्वतंत्र झाला आणि मॉरिशस 12 मार्च 1968 रोजी. मात्र आकाराने एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मादागास्करचे क्षेत्रफळ सुमारे 5 लाख 87 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि लोकसंख्या तीन कोटींच्या वर आहे. मॉरिशस प्रजासत्ताकाचे क्षेत्रफळ जेमतेम 2,040 चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. मराठी वाचकाला मॉरिशस परके नाही. उसाच्या मळ्यांवर गेलेल्या गिरमिट्या मजुरांत कोकणातले मराठी भाषक होते, त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवतात आणि तेथील शाळांत मराठी शिकवली जाते. मादागास्करकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही, आणि खरे तर तुलनेचा सगळा धडा त्या दुर्लक्षित बाजूलाच आहे.

जागतिक बँकेच्या संकेतस्थळाची रचना साधी आहे. शोधपेटीत देशाचे किंवा निर्देशकाचे नाव टाकायचे, एक देश निवडला की दुसरा जोडायचा, आणि दोन रेषा एकाच आलेखावर उमटतात. दरडोई जीडीपी (देशाचे माणशी एकूण उत्पादन) चालू डॉलरमध्ये, म्हणजे महागाई वजा न करता त्या त्या वर्षाच्या किमतींनी, मागितला तर मॉरिशसचा आकडा 11 हजार डॉलरच्या पुढे दिसतो आणि मादागास्करचा 500 डॉलरच्या आसपास. वीसपटीहून मोठे हे अंतर पाहिले की विद्यार्थी स्तब्ध होतात, आणि ते स्वाभाविकच आहे. पण रेषा नीट पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. मादागास्करची रेषा 1960 पासून सुरू होते, तर मॉरिशसची 1976 पासून. म्हणजे दोन्ही देश स्वतंत्र झाले तेव्हा कोण कोठे उभे होते, या सर्वांत कुतूहलाच्या प्रश्नाचे उत्तर या आलेखात नाही. आलेख ते लपवत नाही, पण स्वतः होऊन सांगतही नाही. डावीकडच्या टोकाकडे पाहण्याची सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागते.

या ठिकाणी ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ पुढे जाते. तेथे अँगस मॅडिसन या अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने चालणाऱ्या प्रकल्पाची दीर्घकालीन उत्पन्नमाला उपलब्ध आहे आणि तिच्यात दोन्ही देश 1950 पासून सापडतात. ती पाहिल्यावर एक लोकप्रिय समज गळून पडतो. ‘दोन्ही देश एकाच रेषेवरून निघाले आणि एक पुढे गेला, एक मागे राहिला’ असे अनेकदा सांगितले जाते. त्या मालेनुसार 1950 मध्येच मॉरिशसचे दरडोई उत्पन्न मादागास्करच्या दोन-अडीच पट होते. साखरेचे मळे, बंदर आणि लहान आकार यांचा तो परिणाम होता. तेव्हा आजची दरी पूर्णपणे स्वातंत्र्योत्तर धोरणांच्या खात्यावर मांडता येत नाही. तिचा मोठा भाग मांडता येतो, सगळी नाही.

याच आलेखावर एक छोटेसे बटण आहे, ज्याने उभा अक्ष साध्या मापावरून लघुगणकीय मापावर जातो, म्हणजे सारख्या टक्क्यांची वाढ किंवा घट सारख्याच उंचीची दिसते, मग देश गरीब असो वा श्रीमंत. या एका सोयीसाठी मी हे संकेतस्थळ वर्गात उघडतो. साध्या मापावर मॉरिशसची रेषा उंच चढत जाते आणि मादागास्करची रेषा तळाशी चिकटून आडवी पडलेली दिसते. जणू त्या देशात साठ वर्षे काही घडलेच नाही. बटण दाबले की तीच रेषा हलू लागते. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती बरी टिकते, नंतर घसरते, मध्येच थोडी सावरते आणि पुन्हा कोसळते. महागाई वजा करून पाहिले तर मादागास्करमधील माणशी उत्पन्न आज 1960 पेक्षाही बरेच कमी आहे. युद्धात बेचिराख न होता दोन पिढ्यांत सरासरी माणूस गरीब होत गेल्याची अशी उदाहरणे जगात फार थोडी आहेत. ते दुःख साध्या मापाच्या आलेखात दिसतच नाही, कारण गरीब देशाचे चढउतार श्रीमंत देशाच्या मोजपट्टीवर केसाएवढे बारीक होतात.

डॉलरमधील तुलनेवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे दोन देशांतील किमती वेगळ्या असतात. त्यासाठी क्रयशक्ती समानतेचे, म्हणजे पीपीपीचे आकडे दोन्ही संकेतस्थळांवर आहेत; त्यांत तेवढ्या पैशात त्या देशात किती वस्तू येतात हे धरलेले असते. ते लावले की मॉरिशस 30 हजार आंतरराष्ट्रीय डॉलरच्या जवळ जाते, मादागास्कर 2 हजारांच्या आतबाहेर येतो आणि वीसपटीचे अंतर सुमारे 15 पटीवर येते. ही दुरुस्ती आवश्यक आहे. तरी तिच्या पोटात काय आहे हेही ठाऊक हवे. उदाहरणादाखल तांदूळ घेऊ. मॉरिशसमध्ये तांदूळ जवळजवळ सगळा आयात होतो आणि त्यातील एक स्वस्त प्रकार सरकारी व्यापार महामंडळ अनुदान देऊन विकते. मादागास्करमध्ये भात हे मुख्य अन्न आहे, बहुसंख्य शेतकरी तो स्वतः पिकवतात आणि बराचसा घरीच खातात. बाजारात तो किलोवर विकला जातो तसाच ‘कापुआका’ नावाच्या मापानेही विकला जातो. हे माप म्हणजे आटवलेल्या दुधाचा रिकामा डबा, आपल्याकडच्या मापट्या-चिपट्याचाच सख्खा भाऊ. या डब्यातल्या तांदळाची, आणि त्याहून अधिक म्हणजे बाजारात कधी न आलेल्या घरच्या तांदळाची किंमत अंदाजाने लावूनच तो राष्ट्रीय उत्पन्नात धरावा लागतो. मॉरिशसच्या बाजूला पावती असते, मादागास्करच्या बाजूला अंदाज असतो, आणि आलेखावर दोन्ही रेषा सारख्याच ठाम रंगात उमटतात.

माझ्या मते या दोन्ही संकेतस्थळांविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. जो देश अधिक गरीब, त्याची आकडेवारीही अधिक दुबळी. म्हणून अशी प्रत्येक तुलना मोजमाप आणि अंदाज यांच्यातली असते. मादागास्करमध्ये 1993 ची जनगणना झाल्यावर पुढची थेट 2018 मध्ये झाली. मधल्या पंचवीस वर्षांत त्या देशाविषयी ‘दरडोई’ म्हणून जे काही छापले गेले, त्याचा छेद, म्हणजे लोकसंख्या, प्रक्षेपणावर, जुन्या मोजणीवरून पुढे काढलेल्या अंदाजावर, उभा होता. 2018 च्या मोजणीत 2 कोटी 57 लाख माणसे आढळली. मॉरिशसमध्ये जन्ममृत्यूची नोंद जवळजवळ पूर्ण असते, त्यामुळे तेथील आयुर्मानाचा आकडा नोंदवहीतून निघतो. मादागास्करमध्ये अनेक मृत्यूंची कोठेच नोंद होत नाही, म्हणून तेथील आयुर्मान घरोघरच्या पाहण्या आणि गणिती प्रतिमाने यांवरून ठरवले जाते. मॉरिशससाठी 74 वर्षांच्या आसपास आणि मादागास्करसाठी 64 वर्षांच्या आसपास असे आकडे शेजारी दिसतात, तेव्हा पहिल्यातील चूक लहान आणि दुसऱ्यातील बरीच मोठी असू शकते.

दारिद्र्याच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसते. जागतिक बँकेच्या निर्देशकाच्या पानावर देशांच्या यादीत दोन स्तंभ असतात: सर्वांत अलीकडचे वर्ष आणि त्या वर्षाचा आकडा. बहुतेक वाचक दुसरा स्तंभ वाचतात आणि पहिला ओलांडून जातात. मादागास्करमध्ये घरखर्चाची मोठी पाहणी 2012 नंतर पुन्हा 2021-22 मध्येच झाली. मधल्या काळात ज्या कोणी त्या देशाचे ‘सध्याचे’ दारिद्र्य म्हणून आकडा दिला, त्याने वस्तुतः 2012 चाच आकडा दिला. नव्या पाहणीनुसार राष्ट्रीय दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण सुमारे 75 टक्के आहे. मॉरिशसमध्ये आंतरराष्ट्रीय मापाने अतिदारिद्र्य जवळजवळ शून्य आहे. शिवाय ही आंतरराष्ट्रीय रेषाही हलत असते: ती 2022 मध्ये दिवसाला 2.15 डॉलर झाली आणि जून 2025 मध्ये 3 डॉलर. दोन वेगळ्या वर्षी घेतलेली टिपणे एकत्र जुळवणाऱ्या विद्यार्थ्याने कोणती रेषा वापरली होती हे लिहून ठेवले नसेल, तर एखाद्या देशात गरिबी वाढली असा निष्कर्ष तो काढून बसेल, आणि प्रत्यक्षात वाढलेली असेल ती फक्त मोजपट्टी.

राहणीमानाचे जे निर्देशक पैशात मोजले जात नाहीत, ते मला अधिक बोलके वाटतात आणि दोन्ही संकेतस्थळांवर ते उत्तम मांडलेले आहेत. मॉरिशसमध्ये वीज जवळजवळ प्रत्येक घरात आहे; मादागास्करमध्ये लोकसंख्येच्या चाळीस टक्क्यांनाही ती मिळत नाही. स्वयंपाकाचे स्वच्छ इंधन मादागास्करमध्ये फक्त दोन टक्क्यांच्या आतबाहेर लोकांकडे आहे. बाकीची घरे लाकूड आणि लोणारी कोळशावर चालतात, आणि त्याची किंमत तेथील जंगले आणि बायकांची फुप्फुसे मोजतात. पाच वर्षांखालील बालमृत्यू मादागास्करमध्ये हजारी साठीच्या पुढे आहेत, मॉरिशसमध्ये पंधराच्या आसपास. उत्पन्नातील वीसपटीचे अंतर ऐकून जे लक्षात येत नाही, ते या एका आकड्यातून येते.

तरीही विजेच्या निर्देशकावर थांबणे आवश्यक आहे. त्यात जोडणी आहे की नाही एवढेच मोजले जाते. वीज दिवसातून किती तास येते हे मोजले जात नाही. सप्टेंबर 2025 मध्ये राजधानी अंतानानारिवोमध्ये तरुण मुले रस्त्यावर उतरली, ती वारंवार जाणाऱ्या वीज-पाण्यासाठी. म्हणजे आंदोलनाची सुरुवात करणारी मुले बहुतांशी ‘वीज आहे’ या रकान्यात मोजली गेलेली शहरी मुले होती. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष आंद्री राजोएलिना यांची सत्ता गेली आणि देशाची सूत्रे लष्कराच्या हाती आली. वर्षातून एकदा भरला जाणारा तक्ता असा असंतोष टिपू शकत नाही. तशी अपेक्षाही करू नये, पण तक्ता पाहून ‘परिस्थिती सुधारते आहे’ असे विधान करणाऱ्याने जोडणी आणि पुरवठा यांतला फरक सांगितलाच पाहिजे.

मादागास्करच्या आकड्यांबद्दल सावध राहायचे म्हणजे मॉरिशसचे आकडे डोळे मिटून घ्यायचे असे मात्र नाही. मॉरिशस हे मोठे वित्तीय केंद्र आहे आणि तेथे नोंदवलेल्या अनेक कंपन्यांचा पैसा केवळ त्या देशातून वाहून पुढे जातो. भारतीयांना हे चांगले माहीत आहे. दोन्ही देशांतील दुहेरी कर टाळण्याच्या करारामुळे भारतातील थेट परकीय गुंतवणुकीच्या यादीत मॉरिशस अनेक वर्षे अग्रभागी होते, आणि 2016 मध्ये तो करार बदलावा लागला. म्हणून मॉरिशसच्या विदेशी गुंतवणुकीचे किंवा बाह्य कर्जाचे आकडे पाहताना त्यांत या जागतिक व्यवसाय कंपन्या धरल्या आहेत की वगळल्या आहेत, हे तळटिपेत तपासल्याशिवाय ते मादागास्करच्या शेजारी ठेवू नयेत. उत्पन्नगटाचेही तसेच आहे. 1 जुलै 2020 रोजी जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात बढती दिली. ती 2019 च्या उत्पन्नावर होती, आणि जाहीर झाली तेव्हा करोनामुळे सीमा बंद होऊन तेथील पर्यटन ठप्प झालेले होते. वर्षभरात देश पुन्हा उच्च मध्यम गटात आला. या बढती-घसरणीत लोकांच्या घरात काय बदलले हे शोधायचे तर गटाचे नाव बाजूला ठेवून रोजगाराची मालिका उघडावी लागते.

दोन्ही संकेतस्थळांची खरी मर्यादा वेगळीच आहे. त्यांच्यात देश म्हणजे स्वतंत्र रेषा, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या. प्रत्यक्षात मॉरिशसची वाट कशी घडली हे पाहू गेले तर दोन्ही रेषा एकमेकींत गुंतलेल्या निघतात. 1961 मध्ये अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी आपल्या अहवालात मॉरिशसच्या भवितव्याविषयी काळजीचा सूर लावला होता: एकच पीक, वाढती लोकसंख्या, वेगवेगळ्या समाजांतील ताण. त्यानंतर 1970 मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा, म्हणजे निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा, कायदा आला, 1975 च्या साखर करारामुळे युरोपात ठरलेल्या, बहुतेक वेळा जागतिक बाजाराहून चढ्या दराने साखर विकता येऊ लागली, आणि साखरेचा तो पैसा कापड उद्योगात आणि हॉटेलांत गेला. माध्यमिक शिक्षण मोफत झाले, आघाडीची सरकारे निवडणुकीने आली आणि निवडणुकीनेच गेली. पुढे मजुरी वाढल्यावर मॉरिशसच्या कापड कंपन्यांनी आपले शिवणकाम हलवले कोठे, तर मादागास्करमध्ये. म्हणजे ज्या मजुरीतील फरकाला आपण आलेखावर ‘दरी’ म्हणतो, तोच फरक या दोन देशांमधला व्यापार चालवतो.

मादागास्करमध्ये 1972, 1991, 2002 आणि 2009 या प्रत्येक राजकीय पेचप्रसंगानंतर अर्थव्यवस्थेची जी काही घडी बसत होती ती विस्कटली. 2009 च्या सत्तांतरानंतर अमेरिकेने आफ्रिकी देशांना दिलेली करमुक्त आयातीची सवलत मादागास्करपुरती काढून घेतली आणि 2014 पर्यंत परत दिली नाही. त्या काळात तेथील कपड्यांचे कारखाने बंद पडले आणि कामावरून निघालेल्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. लघुगणकीय आलेखावर 2009 चा खड्डा स्पष्ट दिसतो. तो कशामुळे पडला हे सांगणारी ओळ तेथे नाही. व्हॅनिलाचेही असेच. जगातील व्हॅनिलाचा सर्वांत मोठा उत्पादक मादागास्कर आहे आणि 2018 च्या सुमारास तिचा भाव किलोला 500 डॉलरच्या वर गेला होता, नंतर तो कोसळला. निर्यातीच्या मालिकेत तेवढ्यापुरता एक उंचवटा दिसतो. शेतात शेंगा पिकण्याआधी चोरीला जाऊ नयेत म्हणून रात्रभर जागणारा शेतकरी कोणत्याच मालिकेत दिसत नाही.

आता व्यवहाराचे. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरून हवी ती मालिका एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात उतरवून घेता येते, परवान्याच्या अटी उदार आहेत आणि श्रेय दिले की आकडे कोठेही वापरता येतात. पाने इंग्रजीखेरीज फ्रेंच, स्पॅनिश, अरबी आणि चिनी भाषांत मिळतात. ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ इंग्रजीतच आहे, पण प्रत्येक आलेखाखाली आकडे कोठून आले, कोणत्या पद्धतीने काढले आणि त्यांत कोणत्या उणिवा आहेत हे ज्या सविस्तरपणे आणि साध्या भाषेत लिहिलेले असते, ते मला जागतिक बँकेच्या त्रोटक तळटिपांपेक्षा कितीतरी सरस वाटते. मराठी दोन्हींकडे नाही. स्पर्धा परीक्षांसाठी तयारी करणारी आपली हजारो मुले हे आकडे शिकवणीच्या टिपणांतून, वर्ष आणि व्याख्या गळालेल्या अवस्थेत पाठ करतात. मूळ पान त्यांच्या भाषेत असते तर हे पुष्कळ अंशी टळले असते. मराठीतील एखाद्या विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाने निदान पन्नास मुख्य निर्देशकांच्या व्याख्या आणि तळटिपा भाषांतरित करून द्याव्यात असे मला मनापासून वाटते.

कोणते वापरावे असे विचारले तर माझे उत्तर असे आहे. तयार आलेख, दीर्घ इतिहास आणि समजावून सांगणारा मजकूर हवा असेल तर आधी ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ उघडावे आणि लघुगणकीय मापाचे बटण विसरू नये. ताजा आकडा, अनेक निर्देशक एकत्र किंवा स्वतः हिशेब करण्यासाठी कच्ची मालिका हवी असेल तर जागतिक बँकेकडे जावे आणि प्रत्येक आकड्याबरोबर त्याचे वर्ष आणि त्यामागच्या पाहणीचे नाव वहीत उतरवून घ्यावे. दोन देशांपैकी जो अधिक गरीब असेल, त्याच्या तळटिपा आधी वाचाव्यात.